रोप लावलेत, पाण्याचा नेम कोण पाळणार?



आषाढी जवळ आली की पालखीच्या वाटेवर रोपे लावण्याची धांदल उडते. खड्डे आधीच खणलेले असतात. टेम्पोतून वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, चिंच अशी रोपे उतरतात. टाळ वाजतात, नारळ फुटतो, झाडांशी सोयरीक सांगणारा तुकोबारायांचा अभंग होतो, फोटो निघतो आणि दिंडी पुढच्या मुक्कामाला लागते. मागे राहते ते रोप. त्याच्याजवळ पाणी नसते आणि माणूसही नसतो. त्या रोपाची बाजू घेऊन मला आज तुमच्याशी भांडायचे आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल. ज्या झाडाला पहिली तीन वर्षे पाणी देण्याची सोय तुम्ही केलेली नाही, ते झाड लावू नका. रोपवाटिकेत ते सावलीत होते, रोज पाणी पीत होते. तिथून उचलून, पंढरीचे नाव घेऊन, आपण त्याला उन्हात उभे करतो आणि निघून जातो. ही वृक्षसेवा नव्हे. अनाथ पोराला घरी आणावे, ओवाळावे, आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावून परगावी जावे, तसे हे झाले.

कीर्तनाला उभे राहणे आता शरीराला झेपत नाही, म्हणून लिहितो. या लेखात प्रमाणाला एकही चरण घेणार नाही. झाडांवरचे चरण आपण पुष्कळ गाइले. त्यावर माना डोलल्या, पण रोपाला त्याने ओल मिळाली नाही. आज प्रमाण मातीचे घेऊ.

आधी ही वाट कशी आहे ते पाहा. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडते, लोणंदला येते. तिथून पुढे तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात परतीच्या वाटेवर पडणारा. आपण रोप लावतो आषाढात. वरून ढग जातात, भुरभुर होते, आपल्याला वाटते पाऊस लागला. मुळापर्यंत त्यातले फारसे काही पोचत नाही. पुढे कार्तिक सरला की मृगापर्यंत सहा-सात महिने कोरडे. एवढ्या काळात वीतभर मुळे असलेल्या रोपाने काय प्यावे?

याच वाटेवर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब आहे. माउलींच्या सोहळ्यातले पहिले उभे रिंगण तिथे होते. एका झाडाचे नाव त्या जागेला पडले आणि लाखो मुखांनी ते वर्षानुवर्षे घेतले जाते. आळंदीचा अजानवृक्ष, देहूची नांदुरकी, ही झाडे आपल्याला देवासारखी. अशा परंपरेतल्या माणसांनी लावलेली रोपे वैशाखात काडी होऊन उभी राहावीत, यासारखी लाजेची गोष्ट नाही. पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला की जुनी सावली जाते. नवी सावली हवी असेल तर ती घोषणांनी उगवणार नाही.

आता पूर्वपक्ष घेतो.

पहिला पक्ष भाविकांचा. ते म्हणतात, “महाराज, लावणारा तो, जगवणारा तो. आपण निमित्त. पाण्याची चिंता पांडुरंगाला.” ऐकायला गोड आहे. पण ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या लोकांनी आळशाला हसण्यासाठी केली, हे विसरू नका. जनाबाईसंगे देव दळायला बसला असे आपण सांगतो. पण जनाबाईने जात्याचा खुंटा सोडला असे कोणी सांगितले आहे का? अरणच्या सावतोबांनी मळा सोडला नाही. वाफ्याला पाणी देत राहिले, आणि देव त्यांच्या मळ्यात आला. आपण मात्र मळा सोडून देवाकडे निघालो आहोत आणि सावतोबांचे नाव घेतो आहोत. देवावर भरवसा ठेवावा, पण स्वतःचे काम त्याच्या गळ्यात बांधू नये.

दुसरा पक्ष व्यवहारी लोकांचा. “पाणी कुठे देत नाही? पंधरा दिवसांतून टँकर जातो की!” या पक्षाचे खंडन सविस्तर करावे लागेल, कारण सगळा घोटाळा इथे आहे.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात गुरुभक्तीचा महिमा सांगताना माउलींनी मुळाला पाणी घालण्याचा दृष्टांत घेतला आहे. मुळाला पाणी मिळाले की फांद्या-पाने सहजच तृप्त होतात. पण मूळ कुठे असते? टँकरवाला नळीचे तोंड बुंध्याशी धरतो आणि मोकळे सोडतो. बुंधा म्हणजे मूळ नव्हे. पाणी ओढणारी बारीक, पांढरी, केसांसारखी मुळे बुंध्यापासून दूर, गोळ्याच्या कडेला असतात. बुंध्याशी पाणी साचले तर साल कुजते, आणि मुळे तहानलेलीच राहतात.

पिशवीतून नुकत्याच काढलेल्या रोपाची मुळे पहिले काही महिने त्या मातीच्या गोळ्यातच असतात. माळी लोक या गोळ्याला हुंडी म्हणतात. हुंडीतली माती शेणखत, वाळू घालून हलकी केलेली. भोवतालची माती काळी, चिकट. हलकी माती लवकर सुकते. त्यामुळे बाजूची जमीन ओली दिसत असतानाही हुंडी आतून कोरडी ठणठणीत असू शकते. वरून बघणारा म्हणतो, ओल आहे. रोप म्हणते, मी मेलो.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. चाळीस-पन्नास लिटर पाणी एकदम ओतले की ते भेगांतून खाली निघून जाते. मुरमाड जमिनीत ते सरळ खाली झिरपते. दोन्हीकडे रोपाच्या वाट्याला येते ते दोन दिवसांचे, आणि उरलेले बारा-तेरा दिवस उपास. एकादशी आपण महिन्यातून दोनदा करतो. या पोराला तुम्ही महिन्यातून दोनदा जेवायला घालता, बाकी रोज एकादशी!

नव्या रोपाला थोडे पाणी, ठरल्या वेळी, मुळाशी आणि सावकाश हवे असते. शेतकरी याला ठिबक म्हणतो. उसाला, डाळिंबाला, द्राक्षाला त्याने ते कधीच लावले. आपल्यातल्या निम्म्या वारकऱ्यांच्या रानात ठिबकच्या नळ्या आहेत. देवाच्या वाटेवरच्या झाडाला मात्र आपण टँकरच्या दयेवर सोडतो. स्वतःच्या डाळिंबाला एक न्याय आणि देवाच्या वडाला दुसरा, हे कसे?

तिसरा पक्ष शुद्धतावादी. “ही प्लास्टिकची नळी परदेशी, आपल्या संस्कृतीत हे कुठे बसते?” नळी परदेशातून आली हे खरे. गळक्या नळाशेजारचे झाड इतरांपेक्षा जोमाने वाढलेले पाहून इस्रायलच्या सिम्खा ब्लास या अभियंत्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. आपल्याकडे जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती गावोगाव नेली. पण थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना परकी कशी? महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती तुम्ही पाहिली नाही? वैशाखात तुळशीवर बुडाला भोक पाडलेले मडके टांगून त्यातून थेंब सोडणारी आजी तुमच्या घरात नव्हती? आपल्या पांडुरंगाने पिंड मस्तकी धरली आहे असे आपण मानतो. त्या पिंडीची गळती हेच आपले ठिबक. त्या आजीला ‘लॅटरल’ आणि ‘ड्रिपर’ हे शब्द ठाऊक नव्हते, पण वैशाखात तुळस कशाने जगते ते ठाऊक होते.

आणखी एक पाहा. पंढरीत गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत देवाला चंदनउटी लावतात. का? देवाला उन्हाचा ताप होऊ नये म्हणून. किती हळवा भाव आहे! याच दिवसांत, त्याच देवाच्या वाटेवर, त्याच्याच नावाने लावलेले रोप वाळत असते. देवाच्या अंगाला उटी आणि देवाच्या झाडाला ऊन? हा भाव अर्धा आहे. तो पुरा करा.

आता प्रत्यक्ष मांडणी सांगतो. पाण्याची लाइन जवळ नसेल तिथे काय करता येते ते घ्या, कारण बहुतेक ठिकाणी अडचण तीच असते.

दहा झाडांना २०० लिटरचा एक ड्रम पुरतो. तो जमिनीपासून कंबरेपेक्षा थोड्या उंच दगडी ओट्यावर ठेवा. रस्त्याला उतार असेल तर ओटा चढाच्या टोकाला. ड्रमवर झाकण हवे, नाहीतर शेवाळ धरते आणि डासही होतात. तळाजवळ तोटी, तोटीनंतर जाळीचा फिल्टर, आणि फिल्टरपासून १६ मिलिमीटरची काळी नळी झाडांच्या रांगेतून. झाडे सात-आठ मीटरवर असतील तर ऐंशी मीटरच्या आसपास नळी लागेल. प्रत्येक झाडाला दोन ड्रिपर, हुंडीच्या दोन बाजूंना, बुंध्यापासून वीतभर अंतरावर. नळीच्या शेवटी बूच असे लावा की ते काढून नळी धुता येईल.

दुकानदार ‘तासाला चार लिटर’ म्हणून ड्रिपर देईल. तो आकडा पंपाच्या दाबाचा आहे. ओट्यावरच्या ड्रमला तेवढा दाब नसतो. तोच ड्रिपर तासाला दीड लिटरच्या आसपास देतो. घाबरू नका, आपल्याला सावकाशच हवे आहे. संध्याकाळी तोटी उघडली की रात्रभरात ड्रम रिकामा होतो आणि दर झाडाला वीस लिटर मिळतात. फक्त दाब राखणारे महागडे ड्रिपर ड्रमला लावू नका. एवढ्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत. साधे घ्या. ड्रिपरखाली बाटली धरून पंधरा मिनिटांचे पाणी मोजा आणि चारने गुणा. तासाचा हिशेब कळेल. पहिल्या आणि शेवटच्या झाडाचा हिशेब फार वेगळा आला तर नळीचा उतार पाहा.

पाणी किती? लावल्यावर पहिला महिना, पाऊस नसेल त्या दिवशी, चार-पाच लिटर. थंडीत दोन-तीन दिवसांआड दहा लिटर. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पंधरा ते वीस. पण आकड्यांपेक्षा माती खरी. झाडाच्या बाजूला चार-सहा बोटे उकरा, माती मुठीत दाबा. लाडू वळला तर आज पाणी नको. भुगा झाला तर हवे. काळ्या जमिनीत ओल आडवी पसरते, म्हणून दोन ड्रिपर पुरतात. मुरमात ती सरळ खाली जाते, म्हणून तिथे तीन-चार ड्रिपर लावा आणि पाणी थोडे-थोडे, जास्त वेळा द्या. रोज डबडबलेले ठेवणेही बरे नाही. मुळांना हवा लागते. चिखलात ती गुदमरतात.

वर आच्छादन. माळशिरस-अकलूजच्या पट्ट्यात उसाचे पाचट काय कमी आहे? ते जाळण्याऐवजी झाडाखाली वीतभर जाडीचे पसरा. बुंध्यालगत थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी लागेल. भोवती काट्यांचे कुंपण हवे. शेळीला आपली भक्ती कळत नाही.

नळीही नको असेल तर गोरोबाकाकांचे नाव घ्या. न भाजता नव्हे, पण रंग-रोगण न लावलेले साधे भाजके मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा. मडके आपोआप पाझरते आणि मुळे त्याला येऊन बिलगतात. एकट्या-दुकट्या झाडाला ही उत्तम सोय. दवाखान्यातून फेकलेल्या सलाईनच्या बाटल्या मात्र वापरू नका. तो दवाखान्याचा कचरा आहे, देवाच्या वाटेवर नको.

ही झाली लहान रोपांची गोष्ट. आता मोठी झाडे. रस्त्यातला जुना वड यंत्राने उचलून दुसरीकडे लावायची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. फांद्या तोडलेल्या, मुळे छाटलेली. नुसते खोड आणि मातीचा मोठा गोळा. महिना-दोन महिन्यांत त्याला तांबूस कोंब फुटतात. लोक हात जोडतात, “जगला! माउलींची कृपा!” आणि पाणी बंद होते.

बंधूंनो, इथेच फसगत आहे. ते कोंब खोडात साठलेल्या पुंजीवर फुटलेले असतात. खाली नवी मुळे धरली की नाही, हे त्या पानांवरून कळत नाही. उलट, पाने वाढली की पाण्याची गरज वाढते. मुळे नसतील तर पुंजी संपते आणि पुढच्या वैशाखात झाड उभ्याउभ्या जाते. कर्ज काढून केलेल्या लग्नाचा थाट पाहून कोणी घर सुखी आहे असे म्हणत नाही. कोंब पाहून झाड जगले असे म्हणू नका.

अशा झाडाला दोन ड्रिपर म्हणजे हत्तीला शितोडे. त्याला ड्रिपर बसवलेल्या नळीची वेटोळी हवीत, एक गोळ्याच्या वर आणि एक गोळ्याच्या कडेबाहेर. आतल्या वेटोळ्याने असलेली मुळे जगतात; बाहेरच्या ओलीकडे नवी मुळे धावतात. बाहेर कोरडे ठेवलेत तर मुळे गोळ्याबाहेर पाऊलच टाकणार नाहीत. दरवर्षी बाहेरचे वेटोळे आणखी बाहेर सरकवा. वड त्यातल्या त्यात चिवट. तो फांदीपासूनही मुळे धरतो. चिंच, कडुनिंब यांची खोल मुळे एकदा तुटली की त्यांना फार जपावे लागते.

चौथा पक्ष पैशाचा. “एवढा खर्च कोण करणार?” या पक्षाला मी आकडे सांगत नाही. तुम्हीच दुकानात जा. एक ड्रम, एक फिल्टर, ऐंशी मीटर नळी आणि वीस ड्रिपर यांची किंमत कागदावर लिहून घ्या. त्याच्या शेजारी मागच्या सप्ताहाचे मांडवाचे बिल ठेवा. खाली भोंग्यांचे आणि विजेच्या माळांचे बिल ठेवा. आलेल्या पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांचा खर्चही धरा, आणि माझ्यासारख्यांची बिदागीसुद्धा धरा. मला वाईट वाटणार नाही. मग सांगा, पैसे नाहीत की इच्छा नाही? अन्नदान मोठेच आहे. त्यातला घास काढा असे मी म्हणत नाही. पण पाण्याला जीवन म्हणतात. ते देणे हेही दानच आहे.

पाचवा पक्ष सर्वांत धोक्याचा, कारण तो आपल्या बाजूने बोलतो. “महाराज, पटले. ठिबक लावून टाकतो, म्हणजे पुन्हा बघायला नको.” नाही! ठिबक लावले म्हणजे सुटलो असे मानणाऱ्याने ते लावूच नये. विहिरीच्या क्षारांनी ड्रिपर तुंबतात, तोंडाशी पांढरी खपली धरते. उंदीर नळी कुरतडतात. कुत्री ती ओढतात. कोणी नळीच चोरून नेतो. पाचटाखाली तुंबलेला ड्रिपर वरून दिसत नाही. ड्रम भरलेला, तोटी उघडी, आणि झाड कोरडे! म्हणून पंधरा दिवसांनी टोकाचे बूच काढून नळी धुवा, फिल्टरची जाळी घासा, पाचट सारून प्रत्येक ड्रिपर थेंब टाकतो का ते डोळ्यांनी पाहा.

आपल्या भाषेत सांगायचे तर लावणे हे नैमित्तिक कर्म आणि पाणी हे नित्य कर्म. नैमित्तिकाला गर्दी होते, नित्याला माणूस एकटा असतो. गळ्यात माळ घातली त्या दिवशी सोहळा झाला. पण त्या दिवसाने कोणी वारकरी होत नाही. पुढे आयुष्यभर जो हरिपाठ, जी एकादशी, जी वारी चुकत नाही, त्याने होतो. ध्यानाला शास्त्रकारांनी तेलाच्या अखंड धारेची उपमा दिली आहे. एकदम घागर उपडी करणाऱ्याला ती लागू होत नाही. झाडालाही आपला तोच नेम समजतो.

मग हा नेम पाळायचा कोणी? दिंडी पुढे जाणारी, झाड जागेवर राहणारे. म्हणून ज्या गावाच्या हद्दीत रोप लावाल त्या गावाच्या भजनी मंडळाशी आधी बोलणे करा. ड्रम दिंडीने द्यायचा, तो भरायचा गावाने. प्रत्येक ड्रमला एक माणूस, नावानिशी. कार्तिकात पहाटे काकड्याला माणसे उठतातच. आरती झाली की एकाने जाऊन ड्रमची तोटी पाहावी. शाळेतल्या पोरांना ड्रिपर मोजायला लावा. पाणी कुठून येणार हेही आधी ठरले पाहिजे. विहीर कोणाची, टाकी कोणाची, उन्हाळ्यात ती आटली तर पुढे काय, हे बोलणे झाल्यावरच खड्डा खणा.

आणि दिंडीने मागे वळून पाहायचे केव्हा? पंढरीच्या चार वाऱ्या आहेत. त्याच पाण्याच्या चार पाळ्या समजा. आषाढीला रोप लावा आणि त्याच दिवशी नळी जोडा. पाऊस येईल म्हणून नळी उद्यावर टाकू नका. कार्तिकीला पाऊस संपलेला असतो, तेव्हा खरे पाणी सुरू होते. फिल्टर धुवा, ड्रिपर मोजा, पाचट घाला. माघीला ऊन तापू लागते. पाण्याचे दिवस जवळ आणा, विहिरीची पातळी बघा. चैत्री ही कसोटी. देवाला चंदनउटी सुरू असताना आपल्या झाडाखाली ओल आहे का, हे बोट घालून पाहा. ज्याला चारही वाऱ्या घडत नाहीत त्याने गावातल्या माणसाला त्या दिवशी फोन करून विचारावे, “झाड कसे आहे?” एवढे विचारणारा कोणी आहे हे कळले तरी ड्रम भरला जातो.

दुसऱ्या वर्षी ड्रिपर बुंध्यापासून दूर सरकवा, पानांच्या घेराच्या कडेकडे. तिसऱ्या वर्षी पाणी एकदम तोडू नका. आई दूध सोडवते तशी पाळी लांबवत न्या. आठवड्याने, मग दहा दिवसांनी, मग पंधरवड्याने, पण देताना भरपूर, खोलवर. म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात खाली उतरतात. रोज वरवर पाणी पिणारे झाड वरवरच मुळे धरते आणि पहिल्या वादळात आडवे होते. तिसरा उन्हाळा पार पडला की नळी काढा आणि पुढच्या रोपाला लावा. तोच ड्रम, तीच नळी, पुढची दहा झाडे.

शेवटी फडकऱ्यांना, दिंडीप्रमुखांना आणि विश्वस्तांना हात जोडून, पण स्पष्ट सांगतो. ‘यंदा इतकी हजार रोपे लावली’ असे फलक उतरवा. लावलेल्यांचा आकडा हा खड्ड्यांचा हिशेब आहे. तीन आषाढी पाहिलेली किती, तो आकडा लिहा. तो दहा असेल तर दहा लिहा, लाज बाळगू नका. जिच्या मागच्या वर्षीच्या रोपांना पाणी मिळालेले नाही, त्या दिंडीने यंदा नवे रोप हातात घेऊ नये; आधी जुने वाचवावे, नाही वाचले तर त्याच खड्ड्यात, पाण्याची सोय करून, पुन्हा लावावे. आणि कीर्तनकारांनो, वृक्षारोपणाला बोलावणे आले तर निघण्यापूर्वी यजमानाला एकच विचारा, “ड्रम कुठे ठेवला आहे?” उत्तर आले नाही तर नारळ परत द्या.

झाड तोडणाऱ्याला आणि लावणाऱ्याला सारखीच सावली देते, असे माउलींनी बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना म्हटले आहे. लावून विसरणाऱ्यालाही ते सावली देईल. पण त्यासाठी ते आधी जगले पाहिजे. येत्या चैत्रीच्या आत तुमच्या दिंडीने लावलेल्या एका तरी रोपापाशी जा, चार बोटे माती उकरा आणि मुठीत दाबून पाहा. लाडू वळला तर पुढे पंढरीला चला. भुगा झाला तर त्या दिवशी तुमची पंढरी तिथेच आहे, आणि पूजेचे साहित्य म्हणजे पाण्याची एक घागर.

राम कृष्ण हरी.